परवानगी देणाऱ्याची परवानगी

सौदीतल्या यान्बूच्या रिफायनरीत बारा वर्षं काढलेल्या गिरीशला बार्बाडोस बेटावरचे जुने साखरमळे बघायचे होते. का, ते विचारू नका. कुठल्याशा माहितीपटात त्याने तिथली ऊस पिळणारी पवनचक्की, रस आटवायच्या काहिली, गुलामांच्या झोपड्या पाहिल्या आणि माणसाने ध्यासच घेतला. आठ दिवसांची सुट्टी, त्यात पाच दिवस पाच मळे.

“सुट्टीत कुणी ऊस बघायला जातं का हो?” त्याची बायको पद्मिनी वैतागायची.

दहावीतली ज्ञानदा मोबाइलमधून मान वर न करता म्हणायची, “पापा, प्लीज! बीच!”

पण गिरीश ऐकतोय कसला! देशाबाहेर जाऊन परत यायचा व्हिसा त्याने दोघींसाठी फोनवरून स्वतः काढला. स्वतःचा दरवर्षी कंपनी काढायची, म्हणून तो निर्धास्त होता.

शुक्रवारी जेद्दाच्या विमानतळावर अधिकाऱ्याने तिघांचे इकामे, म्हणजे सौदीत राहायचे परवाने, पाहिले. “मदाम, ओके. बेटी, ओके. तुम, नो व्हिसा.”

“अहो, असं कसं? यांना परवानगी मी दिली!”

“उनको है. तुमको नहीं.”

घ्या! देणाऱ्यालाच नाही. गिरीशने बाजूला होऊन कंपनीतल्या रणजितला फोन लावला.

“अरे, आता ज्याने त्याने अर्ज करायचा, मग आम्ही मंजूर करतो,” रणजित जांभई देत म्हणाला. “मेल पाठवला होता की! आज सुट्टी. रविवारी बघू.”

“आता हो काय करायचं?” पद्मिनी रडवेली झाली.

“तुम्ही व्हा पुढे. मी येतोच मागून. मळे राहता कामा नयेत!”

रविवारचा मंगळवार झाला तेव्हा कुठे व्हिसा आला. गिरीशने आनंदाने बेटावर फोन लावला.

“पद्मिनी, आज निघतोय! पहिला मळा कुठला ठेवलायस?”

“सगळे झाले,” पद्मिनी म्हणाली.

“काय झाले?”

“पाचही मळे. वेळा बदलून घेतल्या आणि तीन दिवसांत उरकले. तुम्ही आल्यावर उरलेले दिवस त्यातच गेले असते ना!”

“अगं, पण बघायचे मला होते!”

“माहितीये. म्हणून तर ज्ञानदाने सगळ्याचं शूटिंग केलंय, चांगलं चार तासांचं. पाठवलंय. येताना विमानात बघा. इथे उतरल्यावर उसाचं नाव काढायचं नाही.”