संथ गॉटशाल्क

रविवारी सकाळी अकरा वाजता नीरजाने सात मिनिटं बारा सेकंदांना सहा मिनिटांनी भागलं आणि मग पुन्हा एकदा भागून पाहिलं.

काम खरं तर किरकोळ होतं. संध्याकाळी चार वाजता तिच्या नवऱ्याचं, म्हणजे निवृत्त संयुक्त सचिव सुधन्वाराव कर्णिकांचं, दिल्लीतल्या मराठी रसिकांच्या एका छोट्या मंडळापुढे व्याख्यान होतं. विषय गॉटशाल्क. हा एकोणिसाव्या शतकातला न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक. लहानपणी कानावर पडलेली तिथल्या मिश्रवंशी क्रिओल लोकांची गाणी आणि त्यांचे ठेके त्याने पियानोवर आणले. पुढे इतरांनी त्या रचना ऑर्केस्ट्रासाठी बांधल्या. तशी एक तबकडी कर्णिकांच्या घरी होती, आणि दिल्लीत या माणसाचं नाव घेणारे पहिले आपण, या समाधानात सुधन्वाराव सव्वीस वर्षं सुखाने जगत होते.

व्याख्यानाला वाटायच्या पत्रकावर प्रत्येक रचनेपुढे तिची वेळ छापायची होती. सुधन्वारावांनी घड्याळ लावून मोजलेल्या वेळा लिहून दिल्या होत्या. नीरजाने सवयीने त्या तबकडीच्या वेष्टनाशी ताडून पाहिल्या. वेष्टनावर सहा मिनिटं, कागदावर सात मिनिटं बारा सेकंद. वेष्टनावर पाच, कागदावर सहा. वेष्टनावर चार मिनिटं दहा सेकंद, कागदावर बरोब्बर पाच मिनिटं.

माणसाच्या हातून चुका होतात, पण त्या अशा शिस्तीत रांगेने येत नाहीत. प्रत्येक वेळ एक पूर्णांक दोन दशांश पट. साठ भागिले पन्नास.

"अगं बाई," नीरजा स्वतःशीच म्हणाली.

वॉशिंग्टनची नेमणूक संपवून परत निघायच्या आठवड्यात सुधन्वारावांनी एका घरगुती विक्रीतून तो रेकॉर्ड प्लेअर आणि ही तबकडी घेतली होती. तिथली वीज वेगळी, म्हणून इकडे ट्रान्स्फॉर्मर लागणार होता. "तुम्ही मध्ये पडू नका, ते मी बघते," असं म्हणून तो नीरजाने निवडला होता. व्होल्ट तिने अगदी काटेकोर जुळवले. पण अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ आवर्तनं घेते आणि दिल्लीतली पन्नास. त्या प्लेअरची मोटर व्होल्ट बघत नाही, आवर्तनं बघते. म्हणजे गॉटशाल्क या घरात पहिल्या दिवसापासून रखडत, आवाज खाली पाडून चालला होता. आणि नीरजाची नोकरी कुठे झाली? अणुघड्याळांच्या प्रयोगशाळेत. सेकंदाचा अब्जावा भाग इकडचा तिकडे झाला तर तिला जेवण जात नसे.

एवढ्यावर भागलं असतं तर तिने हसून सोडून दिलं असतं. पण सुधन्वारावांच्या व्याख्यानाचं नाव होतं, 'शोकाची संथ पावलं'.

ती उठून न्हाणीघराच्या दाराशी गेली. आत सुधन्वाराव दाढी करता करता सराव करत होते.

"अहो, ऐकता का? त्या वेळांमध्ये जरा..."

"वेळा मी तीन-तीनदा मोजल्यात, नीरजा. बिल्कुल हात लावू नकोस." मग आरशाला उद्देशून, "मित्रहो, हा ठेका नाचाचा वाटतो, पण नीट ऐका. नाचणाऱ्याच्या पायात बेड्या आहेत!"

"तेच सांगतेय. बेड्या आपल्याकडच्या आहेत."

"म्हणजे?"

"काही नाही. कानाखाली साबण राहिलाय."

तीन महिने हा माणूस त्या कागदांशी झोंबत होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्याला कुणी व्यासपीठावर बोलावलं होतं. शिवाय पहिल्या रांगेत अंशुमन साळवे बसणार होते. सुधन्वारावांच्याच खात्यातून निवृत्त झालेले साळवे चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आणि त्यांच्या कानाला सगळी मंडळी टरकून असत. गेल्या वर्षी एका गवयाचा तानपुरा त्यांनी भर सभेत परत लावायला लावला होता.

नीरजाने मुलीला गाठलं. सृष्टी पलंगावर फोन घेऊन लोळत होती. "बेटा, जरा हे शोधून लाव," म्हणून तिने वेष्टन पुढे केलं. तेच ध्वनिमुद्रण फोनवर सापडलं. खणखणीत तुताऱ्या निघाल्या, त्यामागे ठेका असा उसळला की सृष्टी उठूनच बसली.

"आई, हे तर एकदम बारातवालं म्युझिक आहे यार! बाबांचं तर कोणी गेल्यासारखं वाजतं."

"हळू बोल!"

"सांगून टाक ना त्यांना."

"काय सांगू? मी, दिल्लीची घड्याळं जुळवणारी बाई, घरातली एक तबकडी..."

"मग ठीक कर गुपचूप."

ते मात्र नीरजाला पटलं. चुकीचं आहे हे माहीत असताना चुकीचं वाजवणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिने चमच्यांच्या खणातून आपला व्हर्नियर कॅलिपर काढला आणि प्लेअरची ताटली उचलून मोटरची पुली मोजली. दहा मिलिमीटर. बारा झाली की ताटली तितक्याच पटीने वेगात फिरणार, काम फत्ते. इन्शुलेशन टेपचे आठ वेढे तिने मोजून घट्ट बसवले, त्यावर पट्टा चढवला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. राहता राहिलं नवऱ्याला सांगणं. ते गाडीत सांगू, असं तिने ठरवलं.

प्लेअर मागच्या सीटवर ठेवला होता. मुनिरकातल्या घरापासून कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सभागृहापर्यंत तिने चारदा तोंड उघडलं.

"अहो, समजा ते संगीत थोडं वेगात वाजलं तर..."

"तर तो गॉटशाल्क नाही! चाळिसाव्या वर्षी परक्या देशात वारलेला माणूस तो. तो कशाला पळेल? माझा मध्येच धागा तोडू नकोस."

त्यानंतर गाडीत धागा सुधन्वारावांचा चालू होता आणि बोटं नीरजा मोडत होती.

सभागृहात चाळीसेक माणसं जमली. सुधन्वाराव सुरेख बोलले. लहानपणी ऐकलेली गाणी, समुद्र, बेटं, अकाली मरण. दोन-तीन बायकांनी डोळे टिपले. "आता ऐका," ते खालच्या आवाजात म्हणाले, "ही जड पावलं."

आणि सुई टेकली.

जड पावलं टणाटणा उड्या मारत निघाली. तुताऱ्या खिदळल्या, ढोल नाचले. मागच्या रांगेतल्या एका छोट्या मुलीने टाळ्यांनी ठेका धरला. सुधन्वाराव हात अर्धवट वर करून उभे राहिले, अंत्ययात्रेला आलेल्या माणसाच्या अंगावर गुलाल पडावा तसे.

पहिल्या रांगेत साळवे उठले. नीरजाने डोळे मिटून घेतले. झालं. आता कानवाला माणूस सांगणार, व्याख्यान चूक, संगीत बरोबर.

"थांबवा, थांबवा ते!" साळवे कडाडले. "कर्णिकसाहेब, तुमचा प्लेअर बिघडलाय. फार पळतोय."

नीरजाने डोळे उघडले.

"ही तबकडी माझ्याकडे आहे, मित्रहो," साळवे मागे वळून म्हणाले. "यांच्याकडे ऐकूनच मी वॉशिंग्टनची नेमणूक संपवून निघताना ती मुद्दाम शोधून घेतली. आज चोवीस वर्षं ऐकतोय. सूर न् सूर पाठ आहे माझा. कर्णिकसाहेब म्हणाले तशीच आहे ती. संथ, गंभीर."

"प्लेअर पण तिकडचाच का हो तुमचा?" नीरजाने क्षीण आवाजात विचारलं.

"तिकडचाच! आणि ट्रान्स्फॉर्मर तुम्ही लिहून दिलेला, वहिनी. डिट्टो तुमच्यासारखा. एक दिवस बिघडला नाही. आता तुम्हीच बघा याला काय झालंय. सायंटिस्ट आहात, तुमच्याइतकं या खोलीत कोणाला कळतं?"

चाळीस माणसं तिच्याकडे बघत होती. सुधन्वारावही बघत होते, पाण्यात पडलेला माणूस काठाकडे बघतो तसे. नीरजा उठली. खरं काय ते सांगायला दोन वाक्यं पुरेशी होती, ती जुळवतच ती टेबलापर्यंत गेली. पण शेजारी सुधन्वाराव हातातले कागद उगाच पुन्हा पुन्हा क्रमाने लावत होते. ते बघून तिने ताटली उचलली आणि सगळ्यांच्या देखत टेपचे आठही वेढे एकेक करून उलगडले.

"काय होतं?" साळवेंनी विचारलं.

"कचरा अडकला होता," नीरजा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने मोजमापाबद्दल खोटं सांगितलं.

सुई पुन्हा टेकली. तुताऱ्यांचा घसा बसला, ठेक्याच्या पायात बेड्या पडल्या. साळवेंनी "वा!" म्हणून मान डोलावली. सभागृह शोकात बुडालं. शेवटी तीन मिनिटं टाळ्या वाजल्या, आणि आभार मानणाऱ्या प्रभाताईंनी 'तांत्रिक अडचण लीलया दूर करणाऱ्या' नीरजाचा खास उल्लेख केला.

परतताना मोतीबागेच्या लाल दिव्याशी गाडी थांबली.

"पहिल्यांदा जे वाजलं ना," सुधन्वाराव अचानक म्हणाले, "ते चुकीचं होतं, मान्य आहे. पण माझे पाय हलत होते गं. टेबलामागे होतो म्हणून कोणाला दिसलं नाही."

मग मात्र नीरजाला राहवेना. साठ, पन्नास, पुली, टेप, कचरा, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. दिवा हिरवा झाला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. सुधन्वाराव हलले नाहीत.

"सव्वीस वर्षं?"

"सव्वीस. चूक माझी. उद्या मंडळात पत्र देते, साळवेंनाही फोन करते."

"मंडळाचं बघू. साळवेला आत्ताच काही बोलू नकोस," सुधन्वारावांनी घाईघाईने गिअर टाकला.

"का?"

"पुढच्या महिन्यात त्याचं व्याख्यान आहे. त्याचा तिकडचाच प्लेअर आणतोय तो."