टायमिंगमामांचा तांबडा सिग्नल

आमच्या गल्लीतले आनंदराव चौगले रोज सकाळी दसरा चौकातल्या सिग्नलशी भांडायचे. मनातल्या मनात नव्हे. खिडकीतून मुंडकं बाहेर काढून, भरल्या बसच्या साक्षीनं. "काय रं ए, वळखलं न्हाईस काय? येळेवर आलोय की." सिग्नल तांबडाच राहायचा. त्यांच्या मागच्या सीटवर बसलेला मी पेपर वाचल्याचं नाटक करायचो.

आनंदराव सिटी बस चालवतात, फुलेवाडी ते राजारामपुरी. गल्लीत त्यांना सगळे टायमिंगमामा म्हणतात, कारण उभ्या नोकरीत त्यांची गाडी कधी लेट झाली नाही. वेळ भरली की गिअर पडला. मग मागून कोण पळत येतंय, कुणाची चप्पल सुटली, हे बघणं त्यांच्या धर्मात बसत नाही. एकदा खुद्द डेपोचे साहेब हात करत मागं धावले, तर मामांनी आरशातूनच नमस्कार केला आणि गाडी काढली. येत्या मार्चला निवृत्ती. तोवर लेटचा डाग लागू द्यायचा नाही, एवढाच त्यांचा हट्ट. मी राजारामपुरीत शाळामास्तर. घड्याळाशी माझं फारसं जमत नाही, पण मामांच्या कृपेनं मुख्याध्यापक माझ्याशी हसून बोलतात.

मध्यंतरी प्रत्येक बसमध्ये एक काळी डबी बसवली. गाडी कुठं पोचली ते ही डबी जीपीएसवरून पुढच्या सिग्नलला कळवते आणि सिग्नल बससाठी लवकर हिरवा होतो, असं पेपरात आलं. मामांची छाती फुगली. "मान दिला बघा, मास्तर, आपल्याला." दुसऱ्या दिवशी कडक इस्त्री करून आले, डबीला झेंडूचा हार घातला. दसरा चौकात पोचलो, तर तांबडा. व्हीनस कॉर्नरला तांबडा. दाभोळकर कॉर्नरला उभे होतो तेव्हा आडव्या रस्त्यानं सदाची बस आली. सदा म्हणजे वाटेतल्या प्रत्येक टपरीवर चहा पिणारा ड्रायव्हर. त्याला हिरवा मिळाला, आणि जाता जाता त्यानं मामांना हात केला. हे फार वाईट झालं.

डबी बसवणारे इंजिनिअर त्याच दिवशी मामांच्या तावडीत सापडले. बिचाऱ्यांनी नीट समजावून सांगितलं, "मामा, उशीर झालेल्या गाडीलाच सिग्नल वाट देतो. तुमची गाडी वेळेवर असते, तिला गरज नाही."

मामा उसळले. "म्हंजे रोज साळंत येणाऱ्याला छडी, आन् दांडी मारणाऱ्याला पेढा?"

"मग जरा उशिरा निघत जा की," मी पिन मारली.

"मास्तर, उपाशी ऱ्हाईन, पर लेट हुणार न्हाय."

तेव्हापासून हे भांडण सुरू होतं.

दिवाळीची सुट्टी संपवून मी गडहिंग्लजहून, म्हणजे सासुरवाडीहून, परतलो तर गल्लीत एकच चर्चा. मामांची गाडी लेट धावते. "म्हातारं हिरव्याच्या नादाला लागलं," असा कटिंगच्या दुकानात निकालही लागला होता. मला तर उकळ्याच फुटल्या. सकाळी लवकर जाऊन मी माझी सीट धरली.

वेळ झाली. गाडी हलेना. लोक चुळबुळ करायला लागले.

"काय मामा, कुठं गेलं तत्त्व?" मी विचारलं.

मामांची नजर डाव्या आरशात.

"मामा, लेट मार्क पडतोय," कंडक्टर म्हणाला.

"पडू दे."

मी खिडकीतून मागं पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी शारदामामी दिसल्या, मामांची बायको. उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला होता, डावी बाजू पार लुळी पडली होती. आता राजारामपुरीतल्या दवाखान्यात व्यायामाला जायला लागल्या होत्या, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की आधार देऊ नका, त्यांचं त्यांना चालू द्या. काठी, पाऊल, दम. पुन्हा काठी. मामांचा हात दाराच्या कडीवर होता. उतरून तिला धरावं म्हणून त्यांचा जीव तुटत होता, पण ते उतरले नाहीत. तयार करून आणलेले सगळे टोमणे मी गिळून टाकले.

मामी पायरीशी आल्या. "कशापायी थांबलासा? समद्यांचा खोळंबा."

"सावकाश चढा," मामा समोर बघत म्हणाले. "म्होरं सिग्नल हाईत की भरून काढायला."

आणि खरंच, दसरा चौक हिरवा. व्हीनस कॉर्नर हिरवा. सगळी बस खूश. मामांनी मात्र एकाही सिग्नलकडं मान वर करून पाहिलं नाही. स्पीडब्रेकर आला की झोपलेलं पोर खाली ठेवावं तशी ते गाडी उतरवत होते. खड्डा दिसला की लांबून वळसा घालत होते. सिग्नलनं दिलेला वेळ खड्ड्यांनी परत घेतला आणि राजारामपुरीत आम्ही लेटच पोचलो.

मामी काठी टेकत दवाखान्याकडं निघाल्या. कंडक्टरनं लेटची नोंद केली आणि न राहवून विचारलं, "मामा, समदं हिरवं मिळालं की आज. तरी लेट?"

मामी दवाखान्याच्या दारातून आत जाईपर्यंत मामा बघत राहिले. मग त्यांनी गिअर टाकला.

"गाडीत पावणं हुतं, बाबा."