मुंबईस विचारण्याचा आकार

भांडीबाजारातील रंगनाथशेठ तांबटांच्या दुकानात गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर दोन वस्तू होत्या. वर वणीच्या देवीची तसबीर आणि तिच्या खाली शेठजींनी स्वहस्ते रंगवलेली पाटी. देवीला दिवसातून एकदा फूल वाहिले जाई. पाटी मात्र दिवसातून दोनदा पुसली जाई. तिच्यावरील मजकूर असा :

‘उधारीच्या तिकिटावर खरेदी करणारास शेकडा पाच रुपये अधिक पडतील. मुंबईस विचारावे लागते. कारण पुसल्यास सांगितले जाईल. घाई असल्यास रोख द्यावे.’

उधारीचे तिकीट म्हणजे क्रेडिट कार्ड. ऐंशीच्या दशकाची ती अखेर होती. असली कार्डे आमच्या नाशकात अद्याप अपूर्वाईची होती. त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला मोटारीने येणाऱ्या मुंबईकरांच्या खिशातच काय ती दिसत. भांडीबाजारात ते तिकीट घेणारे दुकान एकच, आणि त्याचे मालक धोतर नेसणारे, वीज गेल्यावरच खूश होणारे रंगनाथशेठ. हे कसे, याचे मला अनेक वर्षे नवल वाटे.

संस्कृतचा शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर माझा नेम ठरलेला होता. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, स्नान, संध्या, देवदर्शन, आणि दहाच्या सुमारास शेठजींच्या दुकानात घटकाभर बैठक. त्यामुळे हा विधी मी पुष्कळ वेळा पाहिला आहे.

“अहो शेठ, नव्वद रुपयांच्या ताम्हनासाठी मुंबईला फोन?” एखादे गिऱ्हाईक विचारी.

“विचारून घेतलेलं बरं.”

“आणि वर पाच टक्के? मुंबईत कोणी इतके घेत नाही.”

“मुंबईवाल्यांना मुंबई जवळ पडते,” शेठजी शांतपणे म्हणत आणि टेलिफोनची तबकडी फिरवू लागत.

लाईन लागण्यास कधी दहा मिनिटे लागत, कधी अर्धा तास. पण खरी मौज पुढे असे. पलीकडून कोणी ‘हॅलो’ म्हटले, की पुष्कळदा शेठजी रिसीव्हर खाली ठेवून देत. “लाईन तुटली,” असे म्हणून पुन्हा तबकडी. एकदा ती लागोपाठ पाच वेळा तुटली. पुण्याच्या एका बाईंनी तेवढ्या अवकाशात दुकानातल्या सगळ्या समया मोजल्या आणि यजमानांना म्हणाल्या, “मी म्हणत होते, रोख आणा. आता देव येईल, पण मुंबई यायची नाही.”

शेवटी मनासारखी लाईन लागे. मग शेठजी उभे राहत. होय, टेलिफोनवर बोलताना ते उभे राहत, टोपी सारखी करत, आणि अतिशय अदबीने म्हणत, “साहेब, नाशिकहून बोलतो. तांबट.” तिकिटाचा क्रमांक, रक्कम, पलीकडून मंजुरीचा क्रमांक. तो लिहून घेतल्यावर ते म्हणत, “परत सांगा.” तो सांगितला जाई. “साहेब, आणखी एकदा.”

त्यांना कमी ऐकू येते, असा गिऱ्हाइकांचा समज होई. मला मात्र ते पटत नसे. दुकानाच्या दुसऱ्या टोकाला कोणी तांब्या हातात घेऊन टिचकी मारली, तर शेठजी इकडून सांगत, “तो ठेवा. बुडाला चीर आहे.” नाद ऐकून धातूचे अंतरंग ओळखणारा हा मनुष्य सहा आकडे ऐकण्यास तीन वेळा का घेतो?

उलगडा झाला तो बँकेचा अधिकारी मुंबईहून आला त्या दिवशी. कोणा गिऱ्हाइकाने तक्रार केली होती.

“शेठ, हा बोर्ड काढावा लागेल,” अधिकारी म्हणाला. “करारात बसत नाही. गिऱ्हाइकाकडून जादा घ्यायचं नसतं.”

“मग टेलिफोनचे कोण देणार?”

“अहो, इतक्या लहान रकमेला फोन करायचाच नसतो! कार्ड घ्या, मशीनवर दाबा, झालं.”

“विचारून घेतलेलं बरं.”

“पुढच्या महिन्यात मी परत येईन. बोर्ड दिसला तर मशीन घेऊन जाईन.”

तो गेला. शेठजी बराच वेळ ते कार्डाचा ठसा उमटवणारे, इस्त्रीसारखे दिसणारे यंत्र फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, “गुरुजी, एक शास्त्रार्थ सांगा. एखाद्याने देवीपुढे शपथ घेतली, की अमक्याच्या पायी या दुकानाचा एक पैसा खर्च करणार नाही. पुढं त्याला वाटलं, करावा. चालतं?”

मी जन्मभर जे शिकवले तेच सांगितले. “देवतेपुढे उच्चारलेला शब्द मोडू नये.”

“मग पाटी काढता येत नाही,” शेठजी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले, ते पुन्हा कधी सांगितले नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा सुधाकर हातोडा घेण्यास नाही म्हणाला आणि मुंबईस नोकरीला निघून गेला. त्या रागात वणीला जाऊन शेठजींनी ती शपथ घेतली. पुढे पत्नी वारली. मुलगा दहाव्या-बाराव्याला येऊन न बोलता परत गेला. मग कोणाकडून तरी कळले, की बँकेत कार्डांना मंजुरी देणाऱ्या टेलिफोनवर तो बसतो. पुढच्याच आठवड्यात शेठजींनी स्वतः अर्ज करून ते यंत्र मागवले.

“त्याला कळतं, तुम्ही बोलता ते?” मी विचारले.

“दुकानाचं नाव सांगतो ना मी. कळतं. पण तोही साहेबासारखा बोलतो, मीही दुकानदारासारखा. दोघं तांबटच.” ते किंचित हसले. “आवाज ऐकतो, गुरुजी. गेल्या मंगळवारी सर्दी होती त्याला. छातीत उतरलीय.”

माझे शास्त्र मला त्या क्षणी फार जड वाटले. मी म्हणालो, “दुकानाचा पैसा नको ना? टेलिफोनचे माझ्या पेन्शनीतून घ्या.”

“आकार तिकीटवाल्याकडून घ्यायचा. तुमच्याकडे तिकीट कुठाय?” ते म्हणाले आणि विषय संपवला.

तीन आठवडे गेले. अधिकाऱ्याची मुदत भरत आली होती. ठाण्याचे एक दांपत्य समयांची जोडी घेण्यास आले. एकशे ऐंशी रुपये, वर नऊ. शेठजींनी टेलिफोन लावला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला. शेठजींनी रिसीव्हर ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या वेळी त्यांनी ठेवला नाही.

“बाई, तिथं एक गृहस्थ बसत. जरा जड आवाजाचे.”

पलीकडचे शब्द मला अस्पष्ट ऐकू आले. “त्यांची बदली झाली. कार्डाचा नंबर सांगा.”

“कुठं झाली?”

“ते मला सांगता येणार नाही. नंबर सांगा.”

“त्यांची सर्दी बरी झाली का, एवढंच...”

“रक्कम बोला, प्लीज.”

शेठजींनी रक्कम सांगितली. मंजुरीचा क्रमांक लिहून घेतला. ‘परत सांगा’ म्हणाले नाहीत. समया कागदात गुंडाळून दिल्या आणि चिठ्ठीवर एकशे ऐंशीच लिहिले.

“अहो, पाटीवर तर पाच टक्के...” ते गृहस्थ प्रामाणिकपणे म्हणाले.

“आता कशाचे घ्यायचे?” शेठजी स्टुलावर चढले, पाटी उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पैशाने घेतलेले एक पोस्टकार्ड त्यांच्यापुढे ठेवले. म्हणालो, “दुकानाचा पैसा नाही यात. बँकेच्या पत्त्यावर टाका. ते पुढे धाडतील.” त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतले, प्रसाद घ्यावा तसे.

चार दिवसांनी पाहतो, तो पोस्टकार्ड गल्ल्यावर तसेच. मध्यभागी एक ओळ लिहिलेली होती : ‘सर्दी बरी झाली असल्यास कळवावे.’ वरची जागा कोरी.

“मायना काय घालू, गुरुजी?” शेठजी म्हणाले. “इतकी वर्षं मी त्याला साहेबच म्हणत आलो.”

संस्कृतबरोबर मुलांना पत्रलेखनही मी उभी हयात शिकवले. मी त्या कोऱ्या जागेकडे पाहत बसलो. शेठजींनी शेजारचा तांब्या उचलला, टिचकी मारली, आणि नाद पुरता विरेपर्यंत तो कानाशी धरून ठेवला.