सरासरी बिघडवणारा माणूस

ताई या विषयात दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली की कॉलेजच्या यादीतून तिचं नाव कायमचं कटणार होतं. विषय बायोमेकॅनिक्स, म्हणजे माणसाचं अंग कसं हलतं, वाकतं आणि ओझं पेलतं याचं शास्त्र. या वेळी निम्मे मार्क गटाने मिळून लिहायच्या ॲब्स्ट्रॅक्टवर, म्हणजे प्रयोगाच्या सारांशावर होते. अडीचशे शब्दांत प्रयोग, आकडे, निष्कर्ष, सगळं बसवायचं. गट नशिबाने मिळतो, आणि ताईचं नशीब कसं होतं ते वर सांगितलंच आहे. तिच्या वाट्याला दोघं आले. एक, आकडेमोड सोडून कशातच जीव नसलेला मुलगा, त्याला सगळे कॅलक्युलेटर म्हणत. दुसरी फोटोवाली, जिच्या निम्म्या फोटोंत माणसांना डोकीच नसत. दोघंही सहा-सहा वर्षांनी लहान, म्हणून ही ताई.

प्रयोग साधा होता. दहा माणसांना आधी मोकळं चालवायचं, मग उजव्या खांद्यावर सहा किलोची बॅग अडकवून चालवायचं, आणि धड किती अंश कलतं ते फोटोवरून मोजायचं. नऊ माणसं मिळाली, दहावं काही मिळेना. वर्गातला जो तो दुसऱ्या कुठल्या तरी गटासाठी उड्या मारत होता. कॉलेजच्या शिपायाला तर तीन गटांनी मोजून झालं होतं. शेवटी ताईने वडिलांना उभं केलं. बाबा पोस्टमन होते. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात त्यांना कुणी कशासाठीही बोलावलं नव्हतं. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले.

लिहायला सगळे ताईच्या घरी जमले. बाबा आत चहा करत होते. कॅलक्युलेटरने आकडे मांडले आणि तोंड पाडलं.

"नऊ जण बॅग घेतली की डावीकडे कलतात. मस्त. पण हा दहावा बॅग घेतली की सरळ होतो आणि काढली की कलतो! पाच अंश!"

"चौतीस वर्षं टपालाची बॅग होती त्या खांद्यावर," ताई म्हणाली.

"असेल गं. पण या माणसाने सरासरीचं पार वाटोळं केलंय."

"मग काढून टाकू या ना त्यांना," फोटोवाली म्हणाली.

"दहापेक्षा कमी माणसं चालत नाहीत. नियमच आहे. लपवायचे कुठेतरी शेवटच्या ओळीत."

दारात कप वाजले. बाबा ट्रे घेऊन उभे होते.

"माझं कसं आलंय गं?"

"छान आलंय, बाबा."

पत्र वाचताना माणसाचा चेहरा कसा होतो, हे बाबांनी चौतीस वर्षं दारात उभं राहून पाहिलं होतं. त्यांनी चहा ठेवला आणि आत गेले.

ॲब्स्ट्रॅक्ट तीनशे चाळीस शब्दांचा झाला. मग कापाकापी सुरू झाली. प्रत्येकाने उदार मनाने दुसऱ्याची वाक्यं कापली. शेवटी जे उरलं ते विषय शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलं. मॅडमनी सगळं वाचलं आणि शेवटची ओळ सोडून बाकीवर काट मारली.

"ओझं घेतलं की माणूस कलतो, हे सांगायला अडीचशे शब्द कशाला हवेत? हा दहावा कोण?"

"माझे वडील."

"मग त्यांच्यावर लिहा. शुक्रवारी घेऊन या त्यांना, माझ्यासमोर मोजा. आकडे तेच आले तर मार्क. नाही आले तर..."

मॅडमनी वाक्य अर्धं सोडलं. ताईने ते याआधी दोनदा पूर्ण ऐकलं होतं.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "बाबा, शुक्रवारी मॅडमनी बोलावलंय. परत मोजायचंय." कारण तिने सांगितलं नाही, तिच्या डोक्यात नवे अडीचशे शब्द घोळत होते. बाबांनीही विचारलं नाही. कारण आपल्याला ठाऊकच आहे, असं त्यांना वाटत होतं.

आठवडाभर गटाने जीव तोडून लिहिलं. आठवडाभर बाबांच्या खोलीचं दार बंद होतं. एकदा ताईने डोकावलं, तर चौकटीला दोरी बांधून खाली ओळंब्यासारखं कुलूप लटकवलेलं, आणि बाबा त्या दोरीला खांदा जुळवत उभे. रिकामपणाने माणसाचं काय होतं, असं वाटून तिला वाईट वाटलं, आणि ती पुन्हा शब्द मोजायला बसली.

शुक्रवारी बाबा प्रयोगशाळेत मोकळे चालले. त्या दोरीसारखे सरळ. मग बॅग अडकवली, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते बॅगेपुढे डावीकडे कलले.

"शून्य अंश," कॅलक्युलेटर पुटपुटला. "आणि बॅग घेऊन पाच. अगदी बाकीच्या नऊ जणांसारखं." त्याला आनंद व्हावा की रडू यावं, ते कळेना.

मॅडमनी बॅग काढून घेतली, चष्मा काढला आणि कागद बाजूला सरकवला. बाबा मात्र पुन्हा ताठ उभे होते. कपाळावर घाम, मान लाल, श्वास रोखलेला.

"आता नाही ना बिघडत सरासरी?" त्यांनी दात आवळूनच विचारलं.

ताईला सगळं एकदम कळलं. तिला इतकी लाज वाटली की बाबांकडे बघवेना.

मॅडम थोडा वेळ त्यांच्या मानेच्या शिरांकडे बघत राहिल्या. "काका, आठ दिवस हेच करत होता का? सोडा आता अंग सैल."

"आधी मार्क लिहा," बाबा म्हणाले. "मग सोडतो."

"काका, दुखेल हो."

"दुखतंयच. तुम्ही लिहा."

मॅडमनी कागद पुढे ओढला. त्यांनी काय लिहिलं ते बाबांना दिसत नव्हतं, पण पेन थांबेपर्यंत त्यांनी दम धरला. मग श्वास सोडला. उजवा खांदा वर गेला, धड डावीकडे झुकलं आणि पहिल्या वेळच्याच पाच अंशांवर येऊन विसावलं. फोटोवालीने पटकन फोटो काढला, या वेळी डोक्यासकट.

बाबांना वाटलं, झालं, पुन्हा सरासरी बिघडली. त्यांनी ताईकडे पाहिलंच नाही. मॅडमना हळूच विचारलं, "लिहिलेलं आता खोडत नाहीत ना?"