मार्गदर्शनपर दोन शब्द

माणसाच्या अंगात जे जास्तीचं साठतं ते शेवटी दोनच वाटांनी बाहेर पडतं: घामातून किंवा सल्ल्यातून. घामाला ऊन लागतं, रस्ता लागतो आणि थोडी लाज सोडावी लागते. सल्ल्याला नुसती खुर्ची पुरते. परंड्यात खुर्च्यांची ददात कधीच नव्हती. त्यामुळे तिथे 'स्थूलता निवारण व ट्रायथलॉन मार्गदर्शक मंडळ' स्थापन झालं, यात कुणाला नवल वाटलं नाही.

(ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं, आणि हे सगळं मागे कुणी लागलेलं नसताना.)

मंडळात मार्गदर्शक चोवीस होते आणि प्रशिक्षणार्थी एक. अध्यक्ष शिवलिंगअप्पा यांच्या पाठीशी स्थूलतेचा दांडगा अनुभव होता, पोटाशीही होता. उपाध्यक्ष बशीरभाईंना पोहता येत नसे. पण त्यांचे मामा पट्टीचे पोहणारे होते, म्हणून पोहण्याचं खातं त्यांच्याकडे आलं. चौकातल्या बॅनरवर चोवीसही जणांचे फोटो झळकले. खाली कोपऱ्यात जागा उरली तिथे प्रशिक्षणार्थीचं नाव मावलं: सौ. दैवशाला. आडनाव मावलं नाही.

दैवशाला म्हणजे बिरूची बायको. नवऱ्याच्या किराणा दुकानात पंधरा वर्षं गल्ल्यावर बसून, हाताशी शेंगदाण्याचं पोतं असल्याने, ती सर्व बाजूंनी वाढली होती. त्याचं तिला फारसं काही वाटतही नव्हतं. पण गेल्या साली बहिणीच्या, तारामतीच्या, नातवाचं बारसं होतं. परंड्याच्या स्टँडवर कुर्डुवाडीची गाडी निघालेली. ही हातात झबली-टोपड्याची पिशवी घेऊन मागे धावली. कंडक्टरनं मागच्या काचेतून पाहिलं, माया वाटून हात हलवला, "दमानं मावशी, दुसरी गाडी हाय!" आणि घंटी मारली. दुसरी गाडी होती, पण ती पोचली तेव्हा पाळणा झाला होता. कंडक्टरचा तिला राग आला नाही. स्वतःच्या दमाचा आला. मुतारीमागे जाऊन ती खूप रडली. आता पुन्हा म्हणून कुठली गाडी सुटू द्यायची नाही, एवढ्यासाठी तिनं मंडळात नाव घातलं.

प्रशिक्षण रोज सकाळी अप्पांच्या अंगणात होई. पहिल्यांदा उपस्थितांचा सत्कार, मग प्रत्येकाचे मार्गदर्शनपर दोन शब्द. "मी आपला जास्त वेळ घेणार नाही," असं म्हणून प्रत्येक जण वेळ घेई. एकानं तिचा भात बंद केला. दुसऱ्यानं भाकरी. तिसऱ्यानं दूध तोडलं, चौथ्यानं दिवस मावळल्यानंतरचं आणि पाचव्यानं दिवस वर येईपर्यंतचं. बेरीज-वजाबाकी होऊन तिच्या वाट्याला कोमट पाणी उरलं. ते उभ्यानं प्यायचं की बसून, यावर चिटणीस आणि खजिनदार यांचं अजून जमलेलं नाही. मार्गदर्शकांसाठी मात्र रोज कांदाभजी असत. (बोलून बोलून माणसाची ताकद जाते.) दैवशालानं त्या वासात उभं राहून व्यायाम ऐकायचा.

एके दिवशी अप्पांचे दोन शब्द त्यांच्या तरुणपणापर्यंत आले आणि तिचा धीर सुटला. तिनं सरावासाठी आणलेली पोरीची, करिश्माची, सायकल हळूच उचलली आणि टांग मारली. मार्गदर्शन अर्धवट राहणं मंडळाच्या घटनेत बसत नव्हतं. त्यामुळे बारा मोटारसायकली चालू झाल्या, प्रत्येकीवर दोन मार्गदर्शक.

"ताई, गुडघं आत घ्या, आत!" अप्पा ओरडले.

"दम नाकानं घ्या, नाकानं!"

"ताई, बिलकुल फिकीर नगा करू!" बशीरभाईंनी धीर दिला. "आमी हाय की मागं!"

तिला तीच फिकीर होती. मोटारसायकल जाणार नाही असा बांध बघून तिनं सायकल टाकली आणि पळत सुटली. बांध संपला तिथे दिराची विहीर होती. लहानपणी अणदूरला ती पाठीला डबा बांधून पोहायला शिकली होती. तिनं पदर खोचला आणि उडी घेतली. मंडळ धापा टाकत काठावर जमलं आणि तिथून मार्गदर्शन करू लागलं. तेव्हा तिनं बुडी मारली. पाण्याखाली मार्गदर्शन पोचत नाही, हा शोध तिला तिथे लागला. इतका आनंद झाला की ती बुडीतच हसली आणि नाकातोंडात पाणी गेलं.

मग हे रोजचं झालं. क्रम उलटसुलट होता, पण चिकाटी सरळ होती. पावसाळा सरला तोवर ती निम्म्याने हलकी वाटू लागली. मंडळाच्या अहवालात नोंद झाली: 'मार्गदर्शनाचा परिणाम शंभर टक्के.' (प्रशिक्षणार्थी एकच असल्याने टक्केवारी काढणं सोपं गेलं.) मार्गदर्शकांचं वजनही बदललं, ते समाजातलं.

जिल्ह्याची ट्रायथलॉन गावाबाहेरच्या तलावावर भरली. शेवट स्टँडशेजारच्या मैदानात. दैवशाला खालून तिसरी आली. मंचावर तेव्हा उद्घाटनाचीच भाषणं चालू होती. एकटा बिरू तांब्या घेऊन उभा होता. "आलीस व्हय गं," एवढंच म्हणाला आणि डोळे पुसू लागला.

अप्पांनी शाल घातली, नारळ दिला आणि जाहीर केलं, "आजपासनं ताई आपल्या मंडळाच्या पंचविसाव्या मार्गदर्शक! ताई, बसा. अन् बसून दोन शब्द बोला."

खुर्ची सावलीत होती, गादीची होती, आणि तिचे गुडघे खरोखर दुखत होते. माईक तिच्या हातात होता. समोर गर्दीत एक जाडजूड बाई आशेनं बघत होती. दैवशालाच्या ओठांवर आलंसुद्धा, "तुमी आधी भात बंद करा..."

तेवढ्यात स्टँडवर घंटी वाजली. त्याच नातवाचं आज जावळ होतं, आणि कुर्डुवाडीची गाडी निघत होती.

"म्या पळते," ती माईकवर म्हणाली.

या तालुक्यात दोन शब्द म्हणून दोनच शब्द बोलले गेल्याची ही पहिली वेळ. ती शाल-नारळासकट पळाली आणि फाटकापाशी गाडीच्या दांडीला हात घातला. कंडक्टर तोच होता. त्यानं सरकून जागा दिली.

मंडळाची आता पंचाईत आहे. प्रशिक्षणार्थीची जागा रिकामी आहे आणि तिला कुणी विचारत नाही. मार्गदर्शकाची पंचविसावी जागाही रिकामी आहे. मात्र हे वाचताना, बसल्या बसल्या, 'दमल्या अंगानं एवढं पळायला नको होतं', 'भाकरी सोडायची काय गरज होती', असं तुमच्या मनात एकदा तरी येऊन गेलंच असेल. तेव्हा बॅनरसाठी फोटो तेवढा पाठवून द्या. उठायची काही गरज नाही.