डब्याची पडताळणी

वजनमापे कार्यालयातल्या कनिष्ठ निरीक्षकाला गाण्याचा भारी नाद, आणि त्याच्या लॅपटॉपला गळाच नव्हता. त्याच्या सर्वांत लाडक्या गाण्यात मागे तंबोरा आहे, असं तो नुसतं ऐकून होता. लॅपटॉपवर त्या जागी माशी घोंघावत असे. मरण्याआधी एकदा तरी तो तंबोरा कानांवर पडावा, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून त्याने यूएसबीला जोडायचा ऑडिओ इंटरफेस आणला. साबणाच्या वडीएवढा काळा डबा. लॅपटॉपमधलं गाणं म्हणे या डब्यात येतं, इथे त्याला न्हाऊमाखू घालतात आणि मग ते दोन थोरल्या स्पीकरांतून बाहेर पडतं.

"पण चांगलं वाजतंय, हे ठरवणार कोण?" बायकोने विचारलं.

"माझे कान!"

"त्यांची पडताळणी झालीये?"

तिने थट्टा केली होती. पण ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शिक्क्याशिवाय किलोला किलो म्हटलं नाही, त्याची झोपच उडाली. डबा सुरू करण्याआधीच त्याने साहेबांना घरी येण्याची रीतसर विनंती केली.

रविवारी साहेब दुय्यम साहेबांना घेऊन आले. गाणं लागलं. दोघांनी डोळे मिटले.

"वा! तंबोरा अगदी मांडीवर येऊन बसला," साहेब म्हणाले.

"मला तर गायिकेची सर्दीही ऐकू आली," दुय्यम साहेबांनी भर घातली.

साहेबांनी तिथल्या तिथे डबा प्रमाणित केला. उघडी दिसेल ती फट बंद करायची, ही खात्याची रीत. डब्यामागे एक रिकामं भोक दिसलं, त्यावर त्यांनी शिशाचा शिक्का ठोकला.

इतक्यात बायको चहा घेऊन आली. "अगंबाई! या भोकातली वायर तर मी सकाळीच फोन चार्जिंगला नेली. म्हणजे मघापासून नुसता लॅपटॉपच गातोय?"

साहेबांनी शिक्क्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "शिक्का चुकत नाही, वहिनी. याचा अर्थ हा डबा जोडणीविना उत्तम चालतो. आता वायर जोडणं म्हणजे मापात फेरफार."

"पण साहेब, तंबोरा..." निरीक्षक चाचरला.

"आला ना ऐकू?"

निरीक्षकाने मान डोलावली. "आला, साहेब."

महिन्याभरात सगळ्या कार्यालयाने डबे घेतले आणि शिक्के मारून घेतले. दुय्यम साहेबांनी आपला डबा कपाटात कुलूपबंद केला, त्याने म्हणे खालचे स्वर गोलाईदार होतात. एकाने तर डबा सासुरवाडीला ठेवला आणि इथे आवाज किती निवळला, ते तो डोळ्यांत पाणी आणून सांगू लागला.

निरीक्षकाच्याही डोळ्यांत पाणी येई, पण ते खरं होतं. माशी अजून घोंघावतच होती.

"फोड मेला तो शिक्का आणि ऐक एकदाचं!" बायको कळवळून म्हणाली.

"शिक्का फोडू? शुद्धीवर आहेस ना?"

हल्ली लोक त्याला रस्त्यात अडवून विचारतात, "घ्यायचा म्हणतोय. खरंच फरक पडतो का हो?"

तो इकडेतिकडे पाहतो आणि म्हणतो, "जमीन-अस्मानाचा!"

तुमचा डबा घेण्याआधी तुम्हीही कुणातरी जाणकाराला विचारलं होतंत ना? तो हाच.