साखरपुड्याच्या लिंकवर तेरावं

रविवारी सकाळी माझी बायको नम्रता म्हणाली, "आज माळा साफ करू या." मी लगेच लॅपटॉप उघडला. (संकटात लोकांना देव आठवतो, मला लॅपटॉप.) म्हटलं, "माळा कुठे पळून जातोय? आज तुझी वेबसाइट साफ करतो." बस, एवढंच बोललो, आणि एक ठरलेलं लग्न मोडायची वेळ आली.

नम्रता दहिवलीतून घरगुती पंगतीच्या ऑर्डरी घेते. बारसं, साखरपुडा, वास्तुशांत, अगदी दहावं-तेरावंसुद्धा. तिच्या हाताला चव आहे आणि माझ्या हाताला चैन नाही, त्यामुळे प्रत्येक ऑर्डरीनंतर मी वेबसाइटवर एकेक पान वाढवत गेलो. 'बारशाचं जेवण, कर्जत'. 'बारशाचं जेवण, खोपोली'. मजकूर तोच, फक्त गाव वेगळं. तरी गूगलवर आम्ही इतके खाली, की तिथे माणूस वाट चुकला तरच पोचेल.

मी एका व्हिडिओत पाहिलं होतं, की अशी किरकोळ पानं एकमेकांच्याच पायात पाय घालतात. त्यापेक्षा सगळ्यात जास्त बघितलं जाणारं पान ठेवायचं, बाकीच्यांचा मजकूर त्याच्यात ओतायचा, आणि जुन्या सगळ्या लिंका त्याच पानाकडे वळवायच्या. आमचं सगळ्यात जास्त बघितलं जाणारं पान तेराव्याचं निघालं. (साहजिक आहे. साखरपुड्याला लोक दहा ठिकाणी चौकशी करतात, तेराव्याला तेवढी सवड कुणाला?) मग काय, बारसं, मुंज, साखरपुडा, सगळं नेऊन त्याच्याखाली रचलं.

"दिसभर काय करतंस रं?" आईनं विचारलं. आईचं नाव अंबूबाई, आणि कारभार अजून तिच्याच हातात.

"अडगळ काढतोय."

"मंग केर कुटं हाय?"

मी लॅपटॉप तिच्याकडून जरा पलीकडे वळवला.

मंगळवारी संध्याकाळी भिवपुरीचे रोहिदासशेठ दारात उभे. त्यांच्या रुचिताचा साखरपुडा येत्या रविवारी होता आणि ती नम्रताची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर होती. तिनं त्यासाठी शेजारणीची पातेलीसुद्धा सांगून ठेवली होती. शेठ खुर्चीत बसले ते कोसळल्यासारखेच.

"वयनी, ऑर्डर कॅन्सल करा. सोयरीक मोडली."

"अहो, काय बोलताय!"

"काल खालापूरची मंडळी आली, व्याही, विहीणबाई, सगळी. न कळवता. तोंडं पाडून बसली. आमी चा आनला, कुनी हात लावला नाय. मी इचारलं, आमचं काय चुकलं का? तर व्याही म्हनतात, चूक कुनाची नसते शेठ, येळ आली का कुनाच्या हातात काय नसतं. मी म्हनलं, मंग रविवारचं? तर म्हनतात, आता कसला रविवार, वरीसभर तरी नको. आन् उठून गेली. 'येतो' पन म्हनाली नाय!"

नम्रताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रुचिता कालपासून जेवली नव्हती, हे ऐकून तर मलाही फार वाईट वाटलं. मी व्याह्यांना चार शिव्या हासडल्या. "माणसं आहेत का कोण!" वगैरे. (हे शब्द नंतर मलाच परत मिळाले.)

आई मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली. "चा नाय, 'येतो' नाय... आरं, असं तं मयताच्या घरी करतात!"

"आमच्यात कोन मेलंय, मावशी?" शेठ बावचळले.

नम्रतानं माझ्याकडे पाहिलं. मग शेठना विचारलं, "भाऊजी, तुम्ही त्यांना मेनू बघायला काय पाठवलं होतं?"

"तुमची साखरपुड्याची लिंक. खाली लिवलं, आमी ह्यांनाच ऑर्डर दिली हाय, तुमी पन बघा."

तिनं मोबाईलवर ती लिंक दाबली. वर मोठ्या अक्षरांत उघडलं: 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. तेराव्याचं जेवण वेळेवर व घरपोच.' साखरपुडा खूप खाली होता. तिथवर कोण जाणार, रडत रडत?

"म्हणजे त्यांना वाटलं... पण गेलं कोण?" मी विचारलं.

शेठनी कपाळावर हात मारला. "आबा! आमचा म्हातारा त्या टायमाला शेतावर व्हता!"

आता अशी गोष्ट फोनवर सांगून कुणाला पटणार? म्हणून आम्ही पुरावाच गाडीत घातला. मालोजीआबा पुढच्या सीटवर, आम्ही मागे. खालापूरला विहीणबाईंनी दार उघडलं, आबांना पाहिलं आणि किंकाळी फोडून दार परत लावलं.

मग व्याही मोरूशेठ बाहेर आले. मी समजावू लागलो, "त्याचं असं आहे, पानं एकत्र केली की ताकद वाढते..."

"कोनाची रं?" आबांनी विचारलं.

मोरूशेठना आधी काही कळेना, आणि कळलं तेव्हा ते पोट धरून खालीच बसले. विहीणबाईंनी भरपूर साखर घालून चहा आणला. आम्ही सगळ्यांनी दोन-दोन कप घेतले आणि निघताना मी तर तीनदा 'येतो' म्हणालो.

रविवारी साखरपुडा झोकात झाला. वेबसाइटही वर आली, कारण दोन तालुक्यांनी ती उघडून पाहिली. मी ही बातमी नम्रताला सांगायला गेलो, तर तिनं मला जिलेबीच्या ताटाजवळसुद्धा उभं केलं नाही. तेवढ्यात पंगतीतून आबांनी मला खूण केली. बरं वाटलं. निदान एक माणूस तरी कौतुक करणार.

"जेवान झ्याक झालंय," आबा म्हणाले. "माज्या तेराव्याला बी तुमचीच पंगत. पोराला सांगून ठेवलंय."

"असं काय बोलता, आबा!"

"खरंच सांगतो. पन खबर मातर तू देऊ नको. तू दिलीस तं कुनाला खरं वाटायचं नाय."